न लागलेल्या दिव्याची साक्ष

गेल्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार माणसं एका गाडीभोवती उभी होती. गाडी एका तरुण शेजाऱ्याची. मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता आणि पोरगा काळजीत पडला होता. आमच्या इमारतीत गाडीचं काही अडलं की माणसं एका काकांकडे जातात. वय पंचाहत्तरच्या घरात, गाडी चालवण्याचा अनुभव पन्नास वर्षांचा, फियाटपासून आजवर सात-आठ गाड्या हाताखालून गेलेल्या. मीही अडीनडीला त्यांच्याकडेच गेलो आहे. त्या दिवशी काकांनी दिलेला सल्ला मला जसाच्या तसा आठवतो.

"अरे, त्या दिव्याच्या नादी लागू नकोस. गाडी चालतेय ना? मग झालं. निम्म्या वेळा सेन्सरच बिघडलेला असतो. कंपन्यांनी पैसे काढायला बसवलेत हे दिवे. आम्ही वीस वर्षं फियाट चालवली, कुठे होता दिवा? फारच डोळ्यांत खुपत असेल तर वायरमनकडे जा, तो मीटर खोलून बंद करून देईल. माझ्या गाडीत सहा वर्षांत एकदाही लागलेला नाही. पीयूसी दर वर्षी पास. आणखी काय पाहिजे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे मत एकट्या काकांचं असतं तर मी त्यांच्याशी चहा घेता घेता बोललो असतो आणि विषय संपला असता. पण हेच वाक्य गॅरेजात ऐकू येतं, पेट्रोल पंपावर ऐकू येतं, आणि जुन्या गाड्यांच्या व्यवहारात तर ते धंद्याचा भाग झालं आहे. म्हणून हे उत्तर लिहून देतो आहे. काकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांच्या सल्ल्याबद्दल नाही.

त्यांच्या बोलण्यातलं शेवटून तिसरं वाक्य मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं: सहा वर्षांत एकदाही लागलेला नाही. मी त्यांना तिथेच विचारलं, "काका, चावी ऑन केल्यावर तरी लागतो का?" ते म्हणाले, "चावी कुठली आता? बटण आहे. ब्रेक दाबायचा, बटण दाबायचं, गाडी सुरू." म्हणजे सहा वर्षांत त्यांनी तो दिवा लागलेला कधीच पाहिलेला नाही, आणि यालाच ते गाडी निरोगी असल्याचा पुरावा मानतात.

दिवा न लागण्याचे दोन अर्थ असतात. गाडीत दोष नाही, हा एक. दोष आहे पण दिव्याला लागताच येत नाही, हा दुसरा. चालवणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यांतला कोणता खरा, हे ओळखायची एकच संधी गाडी रोज देते: इंजिन सुरू होण्याआधी, चावी नुसती ऑनवर असतानाची. त्या वेळी मीटरमधले इशाऱ्याचे दिवे मुद्दाम लावले जातात. ऑइलच्या किटलीचा तांबडा, बॅटरीचा तांबडा, एबीएसचा, एअरबॅगचा, आणि त्यांच्या रांगेत इंजिनाचा पिवळा. ही हजेरी असते. ज्याने या हजेरीला 'हजर' म्हटलं, त्याच्याच पुढच्या गप्प बसण्याला किंमत. जो हजेरीलाच नव्हता, त्याने दिवसभरात तक्रार केली नाही म्हणून सगळं आलबेल आहे असं कोणता मास्तर म्हणेल?

ही हजेरी कुणा कंपनीची हौस नाही. युरोपच्या प्रदूषणविषयक नियमांतच म्हटलं आहे की चावी ऑन असताना, इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर दोष नसेल तर तो विझला पाहिजे. आपले भारत स्टेजचे नियम त्याच साच्यावर बेतलेले आहेत. त्याच नियमांत या दिव्यासाठी तांबडा रंग वापरायला मनाई आहे. याचा अर्थ 'पिवळा आहे, म्हणजे किरकोळ आहे' असा लोक लावतात. खरा अर्थ असा की तांबडा दिवा 'आत्ता थांब' म्हणतो, पिवळा 'लवकर दाखवून घे' म्हणतो. लवकर म्हणजे पुढच्या दिवाळीच्या सर्व्हिसिंगला नव्हे.

मी इतक्या हट्टाने का बोलतो आहे तेही सांगतो. २०२१ मध्ये मी एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली, २०१४ ची. एजंटमार्फत व्यवहार झाला. मी टायर पाहिले, दारांच्या कडांचा रंग पाहिला, आरसी बुक पाहिलं, ऑइलची पट्टी काढून पाहिली, वीस मिनिटं चालवून पाहिली. मीटरमध्ये एकही दिवा लागलेला नव्हता आणि त्याचंच मला समाधान वाटलं. हजेरी घ्यायला मी विसरलो. विसरलो तरी कसं म्हणू, ती घ्यायची असते हेच मला माहीत नव्हतं. पुढे अॅव्हरेज हळूहळू कमी होत गेलं, ते मी शहरातल्या गर्दीवर ढकललं. सकाळी सुरू करताना गाडी किंचित थरथरायची, ते मी थंडीवर ढकललं. पाचव्या महिन्यात घरच्यांना घेऊन साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाट चढताना गाडीने दम सोडला. अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडतेय, मागून ट्रकचे हॉर्न, आणि आत कसला तरी उग्र, जळका वास. मागच्या सीटवर आई होती. तिने एकदाच विचारलं, "थांबायचं का रे?" थांबायला जागा नव्हती.

साताऱ्यातल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतो आहे आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला आहे, असे दोन कोड निघाले. मग त्याने मला स्क्रीनवर आणखी दोन ओळी दाखवल्या, त्या मी जन्मात विसरणार नाही. एका ओळीत लिहिलं होतं की इंजिनाचा संगणक आत्ता, या क्षणी, दिवा लावायला सांगतो आहे. आणि मीटर तर काळा. दुसऱ्या ओळीत दिवा लागलेला असताना गाडी किती किलोमीटर चालली याचा आकडा होता: चार हजार दोनशेच्या आसपास. गाडी घेतल्यापासून मी चालवली होती जेमतेम एकोणतीसशे. म्हणजे व्यवहार झाला त्या दिवशी गाडी गेल्या तेराशे किलोमीटरपासून ओरडत होती. मीटर उघडल्यावर कारण मिळालं. इंजिनाच्या चित्रामागे आतून काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावलेला होता.

मिसिंगचं मूळ होतं इग्निशन कॉइल, आणि ती बदलायचा खर्च काही हजारांतला. तो पहिल्याच महिन्यात केला असता तर विषय मिटला असता. कन्व्हर्टरचं बिल त्याच्या कित्येक पट आलं. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या वाटेवर जाऊन कन्व्हर्टरमध्ये जळतं, त्या उष्णतेने आतली चिनी मातीची बारीक जाळी वितळते, तिच्यावर चढवलेले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मोलाचे धातू वाया जातात आणि धुराची वाटच बुजते. घाटात गाडीचा श्वास कोंडला तो त्यामुळे. दिवा नुसता लागण्याऐवजी जेव्हा लुकलुकतो तेव्हा तो नेमकं हेच सांगत असतो: मिसिंग इतकं वाढलं आहे की कन्व्हर्टर जळेल, अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका कर. माझ्या गाडीतला दिवा त्या घाटात चिकटपट्टीमागे लुकलुकत असणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आता काकांच्या फियाटकडे येतो, कारण हा मुद्दा वरवर फार पटणारा आहे. फियाटमध्ये दिवा नव्हता हे खरं. पण फियाटमध्ये इंजिन स्वतः बोलत होतं. कार्बोरेटर जास्त पेट्रोल देऊ लागला की काळा धूर यायचा, पेट्रोलचा वास गाडीत भरायचा. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट झिजले की सायलेन्सरमध्ये फटाके वाजायचे. चोक किती ओढायचा हे सकाळच्या गारव्यावरून ठरायचं. काकांचे कान आणि नाक हेच त्या गाडीचे सेन्सर होते, आणि ते उत्तम होते, हे मी मान्य करतो. आजच्या गाडीत मात्र दोष आणि चालक यांच्यामध्ये संगणक बसला आहे. कुठून तरी जादा हवा शिरू लागली, तर तो मुकाट्याने पेट्रोल वाढवतो. इंजेक्टर किंचित गळू लागला तर पेट्रोल कमी करतो. बऱ्याच गाड्यांत तो वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत अशी भरपाई करत राहतो, आणि गाडी चालवणाऱ्याला काहीही जाणवत नाही. भरपाईची हद्द संपली की त्याच्याकडे सांगायला एकच जागा असते, तो दिवा. जुन्या गाडीत दिवा नसला तरी चालायचं, कारण लक्षणं होती. नव्या गाडीने लक्षणं गिळून टाकली आणि त्यांच्या बदल्यात हा एक दिवा दिला. तोही काढून टाकला तर आपण फियाटच्या काळात परत जात नाही. फियाटपेक्षाही आंधळ्या गाडीत बसतो.

हा संगणक किती बारकाईने पाहतो तेही काकांनी जाणून घ्यावं. त्यांच्यासारख्या यंत्राची आवड असलेल्या माणसाला ते आवडेल, याची मला खात्री आहे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक इवलासा हिसका मिळतो आणि तिचा वेग क्षणभर वाढतो. एखादा सिलिंडर पेटला नाही की तो हिसका चुकतो. संगणक क्रँकचे दात मोजून तो चुकलेला हिसका पकडतो आणि कोणत्या सिलिंडरचा हेही सांगतो. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, नंतर एक. पेट्रोल गाडीत सहसा पुढच्याचा आकडा सतत वरखाली होत असतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागचा शांत राहतो, कारण मधली जाळी ऑक्सिजन साठवून ती वरखाली जिरवते. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला की समजायचं, जाळी मेली. पी-०४२० हा कोड निघतो तो यावरून. आणि हे सगळं एकदा दिसलं म्हणून लगेच दिवा लागत नाही. बहुतेक दोषांसाठी लागोपाठच्या फेऱ्यांमध्ये तोच दोष पुन्हा दिसावा लागतो. दोष नाहीसा झाला तर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्यावर दिवा आपोआप विझतो. म्हणजे जो दिवा लागून राहिला आहे, तो एका झटक्याच्या शंकेवरून लागलेला नाही.

"निम्म्या वेळा सेन्सरच बिघडलेला असतो." असेलही कधी. पण सेन्सर बिघडणं म्हणजे काय? ज्याच्या सांगण्यावरून पेट्रोल मोजलं जातं, तोच आंधळा झाला. मग संगणक अंदाजपंचे पेट्रोल टाकतो, सहसा जादाच, म्हणजे इंजिन बंद पडायला नको. अॅव्हरेज घसरतं, आणि ते जादा पेट्रोल पुन्हा कन्व्हर्टरच्या माथी. ताप मोजणारा थर्मामीटर फुटला म्हणून आपण रुग्णाला घरी पाठवत नाही. सेन्सरचा दोष हाही गाडीचाच दोष आहे.

इथे एक छोटी गोष्ट. आमच्या शेजाऱ्याला दुसऱ्या कुणी तरी सांगितलं होतं, "पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लाव, दिवा जाईल." हा सल्ला अमेरिकेहून आला आहे. तिथे टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का, हे गाडीने स्वतः तपासावं अशी कायद्याची सक्ती आहे, म्हणून सैल झाकणानेही दिवा लागतो. युरोपच्या नियमांत गळती शोधण्याची ती सक्ती नाही, आणि आपण चालतो युरोपच्या वाटेने. झाकण जरूर घट्ट लावावं. पण आपल्याकडच्या गाडीत दिव्याचं कारण बहुधा तिथे सापडणार नाही, आणि तोवर आठवडा निघून जातो.

कंपन्यांनी पैसे काढायला दिवे बसवले, या आरोपात थोडं तथ्य आहे, पण ते भलत्याच ठिकाणी आहे. आजच्या रूपातला हा दिवा कंपन्यांच्या मर्जीने आलेला नाही, तो कायद्याने आला. लॉस एंजलिसवर साठणाऱ्या धुरक्यात गाड्यांच्या धुराचा वाटा आहे, सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून ते तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःचा दोष स्वतः सांगावा अशी सक्ती केली, आणि १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना आजची, ओबीडी-दोन नावाने ओळखली जाणारी पद्धत लागू झाली. भारत स्टेज चारच्या गाड्यांना आपल्याकडे २०१० पासून या पद्धतीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरं भारत स्टेज चार सगळ्यांत आधी स्वीकारणाऱ्या यादीत होती, हेही सोलापूरकरांनी लक्षात ठेवावं.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. अमेरिकेच्या १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीने असंही बजावलं की दुरुस्तीसाठी लागणारी ही माहिती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपुरती दडवून ठेवता येणार नाही, ती दुरुस्तीच्या धंद्यातल्या कुणालाही मिळाली पाहिजे. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचा जो सॉकेट असतो, तो म्हणूनच सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकाच मापाचा. प्रदूषणाशी संबंधित कोड म्हणूनच एकाच भाषेत. साताऱ्याच्या त्या मेकॅनिकने ज्या गाडीचं मॉडेल आयुष्यात उघडलं नव्हतं तिचा रोग पाच मिनिटांत ओळखला, तो या सॉकेटमुळे. कंपनीच्या दारात न जाता गल्लीतल्या गॅरेजात काम करून घेण्याचा आपला जो काही हक्क आहे, तो या दिव्याच्या आणि त्या सॉकेटच्या बळावर उभा आहे. दिवा मारून टाकणारा माणूस कंपनीला हरवत नाही, स्वतःच्या गल्लीतल्या मेकॅनिकचं हत्यार बोथट करतो.

मग पैसे काढण्याच्या त्या आरोपात तथ्य कुठे आहे? कोड निघाला की विचार न करता त्यावर लिहिलेला भाग बदलणाऱ्या वर्कशॉपमध्ये. 'मिश्रणात पेट्रोल कमी' असा कोड आला, बदला ऑक्सिजन सेन्सर. खरा दोष मात्र एका तडकलेल्या रबरी नळीत, चाळीस-पन्नास रुपयांच्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हे मी पाहिलं आहे आणि त्याचा राग मलाही आहे. पण त्यावर उपाय कोड स्वतः पाहणं, मेकॅनिकला 'हा भाग का बदलताय, आधी काय तपासलंत' असं विचारणं हा आहे. डॉक्टर लबाड निघाला म्हणून नाडी पाहणंच बंद करायचं, हा उपाय नव्हे.

आणि पीयूसी. काकांच्या युक्तिवादाचा सगळा भार शेवटी पीयूसीवर येतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नळी सायलेन्सरमध्ये घालून उभ्या गाडीचा धूर तपासतात. भारत स्टेज चारच्या गाडीला गाडी नुसती सुरू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भागांपर्यंत चालतात. नायट्रोजनची ऑक्साइडं तिथे मोजलीच जात नाहीत, आणि धुरकं करणाऱ्या जोडीतला अर्धा वाटा त्यांचाच. घाटात, ओझ्याखाली, अॅक्सिलरेटर दाबलेला असताना गाडी काय ओकते, ते त्या नळीला कधीच कळत नाही. माझी गाडी खंबाटकीत अडकण्याच्या दोनच महिने आधी पीयूसी पास झाली होती. प्रमाणपत्र नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून सगळे ते काढतात. पण मी आजवर जितक्या केंद्रांवर गेलो, तिथे एकानेही गाडीत डोकावून मीटर पाहिलेलं नाही.

दुसरीकडे काय करतात ते पाहा. अमेरिकेत जिथे गाड्यांची ही तपासणी होते, तिथे १९९६ पासूनच्या गाडीत तपासनीस आधी चावी ऑन करून दिवा लागतो का ते पाहतो. नाही लागला तर गाडी नापास, आत दोष असो वा नसो. मग इंजिन सुरू करून तो विझतो का ते पाहतो. मग सॉकेटला यंत्र जोडतो. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीतही मे २०१८ पासून हा दिवा बंद पडलेला असणं आणि लागून राहिलेला असणं, दोन्ही दोष धरले जातात. तिथल्या कायद्याला कळलं आहे की मुका दिवा आणि ओरडणारा दिवा यांची शिक्षा एकच हवी, नाहीतर प्रत्येक जण ओरडणाऱ्याला मुका करेल. आपल्या पीयूसी केंद्रांवर नंबर प्लेटचा फोटो तर काढतातच. त्याच फोनने चावी ऑन असतानाच्या मीटरचा एक फोटो काढायला दहा सेकंद लागतील. नवं यंत्र नको, नवी इमारत नको. हे आपल्याकडे सक्तीचं व्हावं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

काही तरुण मित्र मला म्हणतात, "आता एलईडी असतात, ते उडत नाहीत, ही तपासणी जुन्या बल्बच्या काळातली." एलईडी कमी उडतात, खरं. पण माझ्या गाडीतला दिवा उडालेला नव्हता, कुणी तरी झाकलेला होता. चिकटपट्टीला एलईडी आणि बल्ब यांत फरक कळत नाही. उलट हजेरी घेण्याची खरी गरज आज आहे, कारण दिवे आता स्वतःहून मरत नाहीत, त्यांना मारलं जातं.

मारण्याच्या तऱ्हाही पाहून ठेवाव्यात. चिकटपट्टी सगळ्यांत भाबडी, ती हजेरीत लगेच सापडते. त्याहून हुशार वायरमन इंजिनाच्या दिव्याची तार ऑइलच्या किंवा एअरबॅगच्या दिव्याला जोडतो. मग हजेरीला तो लागतो आणि दुसऱ्याबरोबर नेमक्या त्याच क्षणी विझतो. म्हणून नुसतं लागतो का हे पाहून भागत नाही, कधी विझतो हेही पाहावं. काही गाड्यांत इंजिन सुरू होईपर्यंत तो लागून राहतो, काहींत थोड्या सेकंदांनी आपोआप जातो. आपल्या गाडीचं बरोबर वागणं कोणतं, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावं. तिसरी तऱ्हा म्हणजे विकायच्या आदल्या दिवशी बॅटरीची तार काढून परत लावणं किंवा स्कॅनरने कोड पुसणं. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने दिवा जातो, हजेरीही चोख होते. मात्र कोड पुसले की संगणकाच्या स्वतःच्या तपासण्याही पुसल्या जातात, आणि कन्व्हर्टरची, ऑक्सिजन सेन्सरची तपासणी 'अपुरी' असं स्कॅनर दाखवतो. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही बहुतेक गाड्यांत दिसतं. पन्नास हजार चाललेल्या गाडीत तो आकडा अकरा किलोमीटर निघाला तर विकणाऱ्याला कारण विचारावं. अमेरिकेच्या तपासणीत २००१ पासूनच्या गाडीत एकापेक्षा जास्त तपासण्या अपुऱ्या असतील तर गाडी परत पाठवण्याचा दंडक आहे, तो या युक्तीसाठीच. चौथी तऱ्हा सगळ्यांत वाईट: डिझेल गाड्यांत काही जण संगणकाच्या आतला कार्यक्रमच बदलून कोड कायमचे काढून टाकतात. तिथे दिवा हजेरीला येतो, पण त्याला बोलायची बंदी असते. हजेरी घेणं पुरेसं आहे, असं माझं म्हणणं नाही. पण जो हजेरीही घेत नाही, त्याला पुढचं काहीच विचारता येत नाही.

काका, तुम्ही दिलेल्या सल्ल्यात त्या पोराचं नुकसान आहेच. पण मला जास्त लागतं ते पुढच्या माणसाचं. तो पोरगा तीन-चार वर्षांनी गाडी विकेल. वायरमनने बंद केलेला दिवा गाडीबरोबर जाईल, सांगितलं कुणीच नसेल. घेणारा कदाचित पहिलीच गाडी घेणारा असेल, कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून. तो मीटरकडे पाहील, काळं मीटर पाहून त्याला बरं वाटेल, जसं मला वाटलं होतं. ज्याने माझ्या गाडीत ती चिकटपट्टी लावली, त्याने माझ्या आईला घाटात अडकवायचं ठरवलं नव्हतं. त्यालाही कुणी तरी अनुभवी माणसाने पार्किंगमध्ये सांगितलं असेल, "अरे, बंद करून टाक."

त्या पोराच्या गाडीत काय निघालं ते मला माहीत आहे, कारण त्याच संध्याकाळी मी त्याला घेऊन गॅरेजात गेलो. एका सिलिंडरचा प्लग खराब होता. बदलला, कोड पुसला, तीन दिवस ऑफिसला चालवली, दिवा आला नाही. काल त्याने मला मुद्दाम खाली बोलावलं आणि चावी ऑन करून दाखवलं. पाच दिवे लागले, इंजिनाचा त्यांच्यात होता. सुरू केलं, विझला.

आता तुमची गाडी राहिली. रविवारी सकाळी मी खाली येतो. ब्रेकवर पाय ठेवू नका, नुसतं बटण दाबा, एकदा, आणि मीटर उजळलं नाही तर परत एकदा. मी शेजारच्या सीटवर बसेन. दोघांनी मिळून दिवे मोजू.